शिक्षक व्हायचंय? कोर्स नंतर बघू, आधी वर्ग ठरवा

"डीएड करू का बीएड?" असं विचारणारे मेसेज दरवर्षी बारावीचा निकाल लागला की येतात आणि मी सगळ्यांना आधी उलट एकच विचारते, तुला कितवीच्या मुलांना शिकवायचंय? कारण आपल्याकडे पुढचं सगळं त्यावर ठरतं. कुठला कोर्स, कुठली पात्रता परीक्षा, जिल्हा परिषदेची शाळा का संस्थेचं हायस्कूल, सुरुवातीला हातात किती पैसे, सगळंच. मी स्वतः जिल्हा परिषदेच्या शाळेत आहे, त्यामुळे जे लिहितेय ते महाराष्ट्रातल्या पद्धतीबद्दल आहे. (गोव्यात शिक्षण खातं वेगळं, भरती वेगळी, तिथलं डीएलएड पर्वरीच्या डाएटमध्ये म्हणजे जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेत होतं, तिथल्या मुलांनी तिकडेच चौकशी करावी.)

तर वर्गाप्रमाणे बघा.

पहिली ते पाचवी शिकवायचं असेल तर बारावी, मग दोन वर्षांचं डी.एल.एड. म्हणजे ज्याला अजून सगळे डीएडच म्हणतात ते, आणि टीईटी म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेचा पेपर एक. सहावी ते आठवीसाठी पदवी लागते, सोबत डीएलएड किंवा बीएड, आणि टीईटी पेपर दोन. नववी-दहावीसाठी त्या विषयाची पदवी आणि बीएड, इथे टीईटी लागत नाही. अकरावी-बारावीला त्या विषयातलं पीजी आणि बीएड. पीटीचे सर व्हायचं असेल तर बीपीएड, चित्रकलेसाठी एटीडी म्हणजे कला शिक्षकाचा डिप्लोमा, आणि दिव्यांग मुलांना शिकवायचं तर पुनर्वसन परिषदेने मान्यता दिलेलं स्पेशल डीएड किंवा बीएड, ते सगळे रस्ते वेगळे आहेत, या लेखात नाहीत.

आता यातली एक गोष्ट नीट समजून घ्या कारण अजूनही लोक यात फसतात. "बीएड मोठी डिग्री आहे, ते केलं की पहिलीपासून बारावीपर्यंत कुठेही लागता येतं" असं घरचे सांगतात, कॉलेजचा एजंट पण सांगतो. असं नाहीये. जून २०१८ मध्ये एनसीटीईने, म्हणजे शिक्षक प्रशिक्षणाचे नियम ठरवणाऱ्या केंद्राच्या परिषदेने, बीएडवाल्यांना पहिली ते पाचवीसाठी पात्र धरणारी अधिसूचना काढली होती, नोकरी लागल्यावर सहा महिन्यांचा ब्रिज कोर्स करायचा अशी अट होती, पण सुप्रीम कोर्टाने ११ ऑगस्ट २०२३ ला निकाल दिला की प्राथमिकला बीएड चालणार नाही. आणि मला तो निकाल मनापासून पटतो. सहा वर्षाच्या पोराला अक्षर ओळखायला शिकवणं, वजाबाकीत हातचा घेणं समजावणं, ही वेगळी विद्या आहे आणि ती शिकायला दोन वर्षं लागतात. बीएडचा अभ्यास मोठ्या मुलांना विषय कसा शिकवायचा यावर उभा आहे. ज्याला लहान मुलं आवडतात त्याने बिनधास्त डीएलएड करावं, ते बीएडपेक्षा कमी दर्जाचं आहे असं कोणी म्हटलं तर ऐकू नका.

फॉर्मच्या आधी शाळेत जाऊन बसा

हे कुठल्याच माहिती पुस्तिकेत नसतं पण मी प्रत्येकाला करायला लावते. गावातल्या किंवा वॉर्डातल्या शाळेच्या मुख्याध्यापकांना भेटा, सांगा की मला या लाइनला यायचंय, आठवडाभर वर्गात मागे बसू द्या. बहुतेक ठिकाणी हो म्हणतात, आपल्याकडच्या गुरुजींना आणि बाईंना शिकणारा माणूस आवडतो. शक्य असेल तर दोन ठिकाणी बसा, एक दोनशिक्षकी जिल्हा परिषद शाळा आणि एक हायस्कूल. आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे साठपर्यंत पट असलेल्या प्राथमिक शाळेला दोन शिक्षक मिळतात, म्हणजे पहिली-दुसरी एकाकडे, तिसरी-चौथी दुसऱ्याकडे, एकाच खोलीत एकाच वेळी दोन इयत्ता. एका इयत्तेला लिहायला दिलं की दुसरीकडे वळायचं, तेवढ्यात कोणाची पेन्सिल हरवलेली असते, कोणाला बाहेर जायचं असतं, खिचडीचा तांदूळ मोजून द्यायचा असतो, ऑनलाइन माहिती भरायची असते. हायस्कूलला हे नसतं, तिथे पस्तीस-चाळीस मिनिटांची तासिका, एकच विषय पण चार-पाच तुकड्या, आणि समोर पंधरा वर्षांची मुलं जी पहिल्या पाच मिनिटांत ओळखतात की तुम्ही तयारी करून आलात का नाही. हे दोन्ही बघितल्यावर आपलं मन कुठे लागतं ते आपोआप कळतं आणि मग डीएड का बीएड हा प्रश्न उरतच नाही.

डीएलएडला प्रवेश

याला सीईटी नाही. बारावीच्या मार्कांवर मेरिट लागतं. बारावी कुठल्याही शाखेची चालते, खुल्या प्रवर्गाला ४९.५ टक्के आणि मागास प्रवर्गाला ४४.५ टक्के लागतात. प्रक्रिया पुण्याची राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद म्हणजे एससीईआरटी चालवते, अर्ज ऑनलाइन, बारावीच्या निकालानंतर सुरू होतात. अर्ज भरायचा, फी भरायची, कागदपत्रं अपलोड करायची, मग आपल्या जिल्ह्याच्या डाएटकडून पडताळणी होते, मग गुणवत्ता यादी, मग कॉलेज मिळालं की ठरलेल्या तारखेच्या आत जाऊन प्रवेश घ्यायचा. पडताळणीत काही त्रुटी निघाली तर ती लॉगिनला दिसते, मेसेजची वाट बघत बसू नका, दोन दिवसाआड लॉगिन करून बघत राहा.

माध्यम नीट निवडा. मराठी, उर्दू, इंग्रजी, हिंदी अशी वेगवेगळ्या माध्यमांची कॉलेजं आहेत आणि पुढे भरतीत तुमचं शिक्षण कुठल्या माध्यमात झालं हे बघितलं जातं, त्यामुळे जवळ आहे म्हणून किंवा मैत्रीण जातेय म्हणून माध्यम बदलू नका.

बरेच जण म्हणतात डीएडला आता काही अर्थ नाही. ही भीती कुठून आली ते मला माहितीये. एके काळी गल्लोगल्ली डीएड कॉलेजं निघाली, पोरं लाखोंनी बाहेर पडली, आणि २०१२ मध्ये सरकारने अतिरिक्त शिक्षकांचं समायोजन होईपर्यंत नवीन भरतीच थांबवली, त्यात अख्खी एक पिढी घरी बसली. ते दुःख खरं आहे, आमच्या घराघरात ते बघितलंय. पण पुढे खूप कॉलेजं बंद झाली, शिकणाऱ्यांची संख्या घटली, आणि २०२३ च्या निकालाने पहिली ते पाचवीची जागा पुन्हा फक्त डीएडवाल्यांची झाली. नोकरीची गॅरंटी कोणीच देणार नाही, मी पण नाही, पण तेव्हाचं चित्र आणि आताचं चित्र एक नाही एवढं लक्षात ठेवून निर्णय घ्या.

बीएडला प्रवेश

बीएड २०१५ पासून दोन वर्षांचं आहे. पदवीला किंवा पीजीला ५० टक्के, महाराष्ट्रातल्या मागास प्रवर्गाला ४५ टक्के. इंजिनिअरिंगवाल्यांना पण येता येतं, त्यांना ५५ टक्के लागतात. पदवीच्या शेवटच्या वर्षाला असाल तरी सीईटी देता येते, निकाल मात्र प्रवेशाच्या वेळी हातात पाहिजे.

सीईटी राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्ष घेतो, म्हणजे सीईटी सेल. फॉर्म साधारण हिवाळ्यात सुटतात आणि परीक्षा मार्चच्या आसपास असते, त्यामुळे पदवीचा निकाल लागल्यावर बीएडचा विचार सुरू केला तर ते वर्ष गेलं, हे दरवर्षी कोणाचं ना कोणाचं होतं. परीक्षा कॉम्प्युटरवर, १०० प्रश्न, ९० मिनिटं. ४० प्रश्न बुद्धिमत्तेचे, ३० सामान्य ज्ञानाचे, ३० शिक्षक अभियोग्यतेचे. निगेटिव्ह मार्किंग नाही, एकही प्रश्न सोडून येऊ नका. इंग्रजी माध्यमाच्या कॉलेजात जायचं असेल तर सोबत ईएलसीटी नावाचा इंग्रजीचा वेगळा पेपर द्यावा लागतो, तो फॉर्म भरतानाच निवडायचा असतो, नंतर आठवण होऊन उपयोग नाही.

अभ्यास अवघड नाहीये. बुद्धिमत्तेला स्कॉलरशिप परीक्षेची पुस्तकं काढा, पाचवी-आठवीची, हसू नका, मालिका, सांकेतिक भाषा, आरसा प्रतिमा सगळं तिथेच पक्कं होतं. अभियोग्यतेच्या प्रश्नांत एखादा प्रसंग देतात, मुलगा रोज उशिरा येतो तर तुम्ही काय कराल वगैरे, तिथे मुलाला शिक्षा न करता कारण शोधणारं उत्तर बहुतेक वेळा बरोबर असतं.

सीईटी दिली म्हणजे प्रवेश झाला असं समजून गावाला निघून जाणारे खूप आहेत. सीईटीनंतर कॅपचं, म्हणजे केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेचं, रजिस्ट्रेशन वेगळं असतं. परत फॉर्म, परत कागदपत्रं, मग गुणवत्ता यादी, मग ऑप्शन फॉर्म म्हणजे कॉलेजांचा पसंतीक्रम, मग राऊंड. पसंतीक्रम भरताना एकच नियम, जे खरंच सगळ्यात जास्त हवंय ते वर. "मला ते मिळणार नाही" म्हणून चांगलं कॉलेज खाली टाकू नका, सिस्टीम तुमच्या मार्कांनुसार वरून खाली बघत येते, वर टाकल्याने खालचं हातातून जात नाही. आणि न आवडणारं, जाणं-येणं न झेपणारं कॉलेज यादी भरायची म्हणून टाकू नका, तेच मिळालं तर मग रडायची वेळ येते.

बारावीनंतर थेट चार वर्षांचा कोर्स पण आहे. केंद्राचा आयटेप, म्हणजे पदवी आणि बीएड एकत्र असलेला एकात्मिक कोर्स, त्याला राष्ट्रीय परीक्षा संस्थेची म्हणजे एनटीएची एनसीईटी परीक्षा. बारावीतच पक्कं ठरलेलं असेल की हायस्कूललाच शिकवायचंय तर एक वर्ष वाचतं. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही २०३० पर्यंत चार वर्षांचा एकात्मिक बीएड हीच किमान पात्रता करायचं म्हटलंय. बीएड पुन्हा एक वर्षाचं होणार अशी चर्चा पण ऐकू येते, एनसीटीईने २०२५ च्या सुरुवातीला तसा मसुदा काढला होता, पण मसुद्यावर विसंबून वर्ष घालवू नका, आज माहिती पुस्तिकेत जे छापलंय तेच खरं.

आधीच शिकवत असाल तर मुक्त विद्यापीठाचं बीएड बघा, नाशिकचं यशवंतराव चव्हाण किंवा इग्नू, पण ते सेवेतल्या किंवा आधी डीएडसारखं प्रशिक्षण झालेल्या लोकांसाठी आहे, कोरी पदवी घेऊन तिथे प्रवेश मिळत नाही.

कागदपत्रं, इथेच सगळ्यात जास्त लोक अडकतात

मार्क असून जागा जाते ती कागदांमुळे. म्हणून फॉर्म सुटायच्या दोन-तीन महिने आधी एक फाइल बनवा आणि त्यात दहावी-बारावीच्या मार्कशीट, पदवीच्या सगळ्या सेमिस्टरच्या मार्कशीट, शाळा सोडल्याचा दाखला, डोमिसाइल, आधार, उत्पन्नाचा दाखला, आणि मध्ये शिक्षणात खंड असेल तर गॅपचं प्रतिज्ञापत्र हे सगळं ओरिजिनल आणि स्कॅन करून ठेवा. आरक्षणातून जाणाऱ्यांना जातीचा दाखला, जात वैधता म्हणजे व्हॅलिडिटी, आणि लागू असेल त्यांना नॉन क्रिमिलेअर. नॉन क्रिमिलेअर पुढच्या ३१ मार्चपर्यंत चालणारं पाहिजे, मागच्या वर्षीचं घेऊन गेलात तर खुल्यातून अर्ज धरला जातो. आणि व्हॅलिडिटी हा प्रकार महिनोन् महिने लागणारा आहे, वडिलांच्या-आजोबांच्या शाळेचे जुने दाखले काढावे लागतात, कधी दुसऱ्या तालुक्यात जाऊन जुनी रजिस्टरं उघडून घ्यावी लागतात, त्यामुळे आज हा लेख वाचताय आणि तुमची व्हॅलिडिटी झालेली नाहीये तर बाकी सगळं बाजूला ठेवून आधी तो अर्ज करा.

नावाचं स्पेलिंग. दहावीच्या मार्कशीटवर जे नाव आहे तेच सगळीकडे पाहिजे. आधारवर वेगळं असेल तर आत्ताच दुरुस्त करून घ्या. लग्न झालेल्या ताईंनी विशेष लक्ष द्या, माहेरच्या नावाने पदवी आणि सासरच्या नावाने आधार, जातीचा दाखला माहेरच्या नावाचा, अशी बहुतेकींची स्थिती असते. अशा वेळी राजपत्रात नावबदल करून घेतलेला असला आणि विवाह नोंदणीचा दाखला सोबत असला की पडताळणीच्या टेबलावर वाद होत नाही. जात मात्र लग्नाने बदलत नाही, दाखला वडिलांकडचाच लागतो.

फीचं पण आत्ताच बघून ठेवा. खाजगी कॉलेजची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं, कॉलेजला त्याच्यावर घेता येत नाही, पावती मागा. शिष्यवृत्ती आणि फी माफीचे अर्ज सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर भरायचे असतात आणि त्यातल्या बऱ्याच योजना फक्त कॅपमधून आलेल्यांना लागू होतात, मॅनेजमेंट कोट्यातून गेलात तर मिळत नाहीत. २०२४ पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी, ओबीसी घरातल्या मुलींना व्यावसायिक कोर्सची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे, मुलींनो, पोर्टलवर आपल्या कॉलेजचा कोर्स आहे ना ते बघा आणि अर्ज केल्याशिवाय राहू नका.

कॉलेज कसं ओळखायचं

एनसीटीईची मान्यता आहे का ते त्यांच्या वेबसाइटवर स्वतः बघा, कॉलेजने भिंतीवर लावलेल्या फ्रेमवर जाऊ नका. सरकारी आणि अनुदानित कॉलेजं आधी धरा, फी कमी आणि शिकवणारे कायम असतात, मुंबईचं सेकंडरी ट्रेनिंग कॉलेज सरकारी आहे, तशी इतर जिल्ह्यांत पण आहेत. मग कॉलेजात जाऊन दुसऱ्या वर्षाच्या मुलांना भेटा आणि विचारा की सराव पाठांना सर स्वतः वर्गात मागे बसतात का, पाठ झाल्यावर काय चुकलं ते बोलतात का. या एका प्रश्नाच्या उत्तरावर मी कॉलेज निवडीन.

आणि जिथे सांगतात "यायची गरज नाही, एवढे पैसे द्या, परीक्षेला या" तिथून उठून या. नियमाने थिअरी आणि प्रॅक्टिकलला ८० टक्के आणि शाळेतल्या इंटर्नशिपला ९० टक्के हजेरी लागते. पण नियम सोडा. न जाता मिळवलेली डिग्री घेऊन एक दिवस तुम्ही खऱ्या वर्गासमोर उभे राहणार आहात आणि त्या वर्गातल्या पोरांचं ते वर्ष परत येत नाही. मला या विषयावर राग येतो आणि तो यावाच असं वाटतं.

कोर्समध्ये काय असतं

सुरुवातीला मायक्रो टीचिंग. पाच-सहा मिनिटांचा छोटा पाठ, समोर तुमचेच वर्गमित्र, आणि एका वेळी एकच कौशल्य, प्रस्तावना, प्रश्न विचारणं, स्पष्टीकरण, फलक लेखन असं. पाठ घ्यायचा, चुका ऐकायच्या, परत घ्यायचा. लाज वाटते पहिल्यांदा, सगळ्यांनाच. मग सराव पाठ खऱ्या शाळेत, त्याच्या आधी पाठ टाचण म्हणजे पाठाचं लेखी नियोजन लिहायचं आणि मेथडच्या, म्हणजे आपल्या विषयाची अध्यापन पद्धत शिकवणाऱ्या, सरांकडून तपासून घ्यायचं. मग इंटर्नशिप, दोन वर्षांत मिळून २० आठवडे, त्यातले बहुतेक दुसऱ्या वर्षी.

टाचण मागच्या बॅचच्या वहीतून उतरवू नका. मला माहितीये की उतरवतात, आणि सही पण मिळते. पण "मुलं इथे काय चुकतील" हा विचार टाचण लिहितानाच होतो, उतरवताना होत नाही. उदाहरण घ्या, तिसरीला तीन अंकी वजाबाकी, ५०२ मधून २६८ वजा करायचे. दशकाच्या जागी शून्य आहे, मूल उसनं घ्यायला शेजारी जातं तर तिथे काहीच नाही. इथे अर्धा वर्ग अडतो. हे आधीच माहीत असेल तर तुम्ही शंभराची नोट आणि दहा-दहाच्या नोटा घेऊन जाल, शंभर सुटे करून दाखवाल, मगच फळ्यावर याल. माहीत नसेल तर फळ्यावर तेच गणित तीनदा जोरात सांगाल. प्रशिक्षण म्हणजे खरं तर हे असलं शिकणं.

इंटर्नशिपसाठी शाळा निवडायची मुभा मिळाली तर शहरातली चकाचक शाळा घेण्यापेक्षा दोनशिक्षकी शाळा मागा, निदान थोडे दिवस. बहुवर्ग अध्यापन पुस्तकात चार ओळींत असतं पण नोकरीत रोज करायचं असतं. तसंच घरची भाषा वेगळी असलेली मुलं. मेळघाटात कोरकू, गडचिरोलीत गोंडी आणि माडिया, नंदुरबारकडे भिली, पावरी, खानदेशात अहिराणी, मूल पहिलीत येतं तेव्हा पुस्तकातली मराठी त्याला परकी असते आणि ते गप्प बसतं, त्याला येत नाही असा शिक्का आपण मारतो. तिथल्या गुरुजींकडून वीस-तीस रोजचे शब्द लिहून घ्या, "ये, बस, पाणी पाहिजे का, दुखतंय का" एवढे. त्या मुलाचा चेहरा बदलतो.

टीईटी, टेट, पवित्र, या तिघांत गोंधळ करू नका

टीईटी ही पात्रता परीक्षा. पुण्याची महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद घेते, २०२४ आणि २०२५ ला नोव्हेंबरमध्ये झाली. १५० प्रश्न, १५० मार्क, अडीच तास, पासिंग ६० टक्के म्हणजे ९०, आरक्षित प्रवर्गाला ५५ टक्के. पेपर एकमध्ये बालमानसशास्त्र, दोन भाषा, गणित, परिसर अभ्यास असे तीस-तीसचे पाच भाग. पेपर दोनमध्ये गणित-विज्ञान किंवा सामाजिक शास्त्र साठ मार्कांचं. निगेटिव्ह नाही. कोर्सच्या शेवटच्या वर्षाला असतानाच देऊन टाका. एकदा पास झालात की सर्टिफिकेट आयुष्यभर चालतं, २०२१ मध्ये सात वर्षांची मुदत काढून टाकली. केंद्राची सीटीईटी पण इथे चालते आणि केंद्रीय विद्यालय, नवोदयला तीच लागते, म्हणून दोन्ही द्या. अभ्यासाला क्लासच्या नोट्सआधी बालभारतीची पहिली ते आठवीची पुस्तकं, सगळी पीडीएफ ऑनलाइन फुकट आहेत. मानसशास्त्राला पियाजे, वायगॉट्स्की, कोहलबर्ग हे तिघं मानसशास्त्रज्ञ नीट समजून घ्या, नुसत्या व्याख्या पाठ करून प्रसंगावरचे प्रश्न सुटत नाहीत.

टीईटी टाळता येईल अशी आशा आता कोणी ठेवू नये. १ सप्टेंबर २०२५ ला सुप्रीम कोर्टाने पहिली ते आठवीला शिकवणाऱ्या, सेवेत असलेल्या आणि निवृत्तीला पाच वर्षांपेक्षा जास्त अवधी असलेल्या शिक्षकांना पण दोन वर्षांत टीईटी पास व्हायला सांगितलंय. आणि "पास करून देतो" म्हणणाऱ्याच्या जवळ जाऊ नका. २०१९-२० च्या टीईटीतला गैरप्रकार उघड झाला तेव्हा सात हजारांवर उमेदवारांवर कारवाई झाली.

टेट म्हणजे शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी, टीएआयटी. ही भरतीची परीक्षा. २०० प्रश्न, दोन तास, ऑनलाइन, १२० अभियोग्यतेचे आणि ८० बुद्धिमत्तेचे. हिशोब करा, एका प्रश्नाला छत्तीस सेकंद. इथे येतं का नाही यापेक्षा किती लवकर येतं याला महत्त्व आहे, म्हणून रोज घड्याळ लावून सराव करा, आणि कॉम्प्युटरवर करा. मेरिट या २०० मार्कांवर लागतं, टीईटीचे मार्क किंवा डीएडचे टक्के त्यात धरत नाहीत. आणि ही परीक्षा दरवर्षी होतेच असं नाही. पहिली २०१७ च्या डिसेंबरमध्ये झाली, दुसरी थेट २०२३ ला, तिसरी २०२५ ला. म्हणजे जाहिरात आल्यावर अभ्यास सुरू करणारा मागे राहतो, बुद्धिमत्ता आणि गणिताचा रोज अर्धा-एक तास कोर्स चालू असतानाच ठेवा.

पवित्र हे राज्याच्या शिक्षक भरतीचं पोर्टल आहे. टेटच्या मार्कांवर इथे नोंदणी करायची, स्व-प्रमाणपत्र भरायचं, जाहिराती आल्या की प्राधान्यक्रम भरून लॉक करायचे. लॉक केलं नाही तर तुम्ही यादीत नाही, एवढं सरळ आहे. स्व-प्रमाणपत्रात महिला, प्रकल्पग्रस्त, भूकंपग्रस्त, माजी सैनिक, अंशकालीन कर्मचारी असली समांतर आरक्षणं विचारतात, ज्याचा कागद हातात आहे तेच टिक करा, कारण निवड झाल्यावर पडताळणीत कागद नसेल तर निवड जाते. जिल्हा परिषद आणि महापालिकेच्या जागा मुलाखतीशिवाय, खाजगी अनुदानित संस्थांना मुलाखतीसह भरायचा पर्याय असतो. जिल्हे निवडताना घराजवळचेच टाकून बसू नका. लांब गेलेली माझी कितीतरी ओळखीची मुलं आता तिथेच रमलीत.

लागल्यावर पहिली तीन वर्षं शिक्षण सेवक. मानधन जानेवारी २०२३ पासून प्राथमिकला १६,०००, माध्यमिकला १८,०००, कनिष्ठ महाविद्यालयाला २०,०००. तीन वर्षांनी नियमित वेतनश्रेणी. घरच्यांना हे आधीच सांगून ठेवा, कर्ज काढून शिकत असाल तर हप्त्याचं गणित याच आकड्यावर करा.

भरतीची वाट बघताना बहुतेक जण विनाअनुदानित शाळेत किंवा तासिका तत्त्वावर लागतात. लागा, हात बसतो, पण लेखी नेमणूक पत्र आणि अनुभवाचा दाखला मागून घ्या. आणि एखादी संस्था "अनुदानित जागा आहे, एवढे लाख द्या, कायम करतो" म्हणाली तर त्यांना चार गोष्टी विचारा, ही जागा यंदाच्या संचमान्यतेत म्हणजे शाळेला मंजूर पदांच्या यादीत आहे का, बिंदूनामावली म्हणजे पदांच्या आरक्षणाचं रजिस्टर तपासलेलं आहे का, जाहिरात पवित्रवर आली होती का, आणि शिक्षणाधिकाऱ्यांची वैयक्तिक मान्यता व शालार्थ आयडी कधी मिळणार. शालार्थमध्ये म्हणजे शिक्षकांच्या पगाराच्या सरकारी ऑनलाइन प्रणालीत नाव आल्याशिवाय सरकारी पगार निघत नाही, आणि या चार प्रश्नांची कागदावर उत्तरं मिळत नसतील तर एक रुपया देऊ नका.